पहिला डीएसएलआर : आधी लेन्स, मग बॉडी

छायाचित्रणाचा छंद नव्याने लागलेली व्यक्ती पहिला डीएसएलआर कोणता घ्यावा हे ज्यांना विचारते, ते बहुधा या मासिकाचे वाचकच असतात : वर्ग चालवणारे शिक्षक, स्टुडिओ सांभाळणारे व्यावसायिक आणि अनेक वर्षे कॅमेरा हाताळलेले हौशी छायाचित्रकार. हा सल्ला आज पूर्वीपेक्षा अधिक विचाराने द्यावा लागतो, कारण लेन्समधून आलेला प्रकाश आरशाने वर वळवून तो डोळ्याला थेट दाखवणारी ही रचना आता मागे पडत असून, २०२० नंतर कॅनन किंवा निकॉन यांपैकी कोणीही नवी डीएसएलआर बॉडी बाजारात आणलेली नाही. मात्र त्यामुळेच चांगल्या बॉडी व उत्तम लेन्स वापरलेल्या स्थितीत विद्यार्थ्याच्या आवाक्यात आल्या आहेत, आणि बेताच्या खर्चात एक्स्पोजरचे गणित हाताने शिकू पाहणाऱ्यासाठी हा मार्ग अजूनही उत्तम आहे.

दुकानात पहिली चौकशी होते ती मेगापिक्सेलची, आणि नेमकी तीच सर्वांत कमी उपयोगाची असते. १६ मेगापिक्सेलचा सेन्सरही घरात लावण्याजोग्या मोठ्या प्रिंटला पुरतो. खरा प्रश्न माउंटचा, म्हणजे लेन्स ज्या कड्यात बसते त्या जोडणीचा आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९पासून आणि कॅननचा ईएफ माउंट १९८७पासून चालत आला आहे. तथापि लेन्स कड्यात बसली म्हणजे ती पूर्ण क्षमतेने चालेलच असे नाही. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी ९० किंवा डी ७२०० यांच्या माउंटच्या कड्यात एका कडेला पेचकसाच्या टोकासारखा बारीक दांडा दिसतो, तो लेन्समधील स्क्रू फिरवतो. डी ३५०० किंवा डी ५६०० यांत तो दांडाच नसल्याने स्वस्तात मिळालेली ५० मिलिमीटर एएफ-डी लेन्स तेथे केवळ हाताने फोकस करावी लागते. याउलट, नवी एएफ-पी लेन्स डी ९०वर फोकसच करत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आरंभापासूनच लेन्सच्या आत असल्याने तेथे ही अडचण येत नाही, आणि पुढे मिररलेस घेतला तरी ॲडॉप्टरद्वारे त्या लेन्सचा ऑटोफोकस टिकतो. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये मात्र मोटर नसल्यामुळे एएफ-डी लेन्सला तो मिळत नाही. ज्याला जुन्या लेन्स जमवायच्या आहेत आणि ज्याला पाच वर्षांनी मिररलेसकडे वळायचे आहे, त्या दोघांना एकच उत्तर देणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

लेन्सची निवडही सेन्सरच्या आकाराशी बांधलेली असते. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो, तर सुरुवातीच्या बहुतेक बॉडीत त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असतो व त्यावर दृश्याची कक्षा निकॉनमध्ये सुमारे १.५ आणि कॅननमध्ये १.६ पटीने आवळली जाते. परिणामी ५० मिलिमीटरची लेन्स तेथे ७५ ते ८० मिलिमीटरसारखी वागते. व्यक्तिचित्राला ती उत्तम, परंतु घरातल्या खोलीत फार जवळची वाटते. पहिली प्राइम लेन्स, म्हणजे एकाच फोकल लेन्ग्थची लेन्स, ३५ मिलिमीटर एफ/१.८ असावी असा आग्रह शिक्षकांनी धरावा, कारण १८-५५ किट लेन्सच्या लांब टोकाला छिद्र एफ/५.६पेक्षा मोठे उघडत नाही आणि संध्याकाळच्या प्रकाशात नवशिक्याची निराशा बहुधा तेथेच सुरू होते.

वापरलेला कॅमेरा घेताना नवशिक्यासोबत जाणकाराने स्वतः जावे, हे या सल्ल्यातील सर्वांत महत्त्वाचे आहे. लेन्स पूर्ण उघड्या छिद्राने तिरकी धरून मागून टॉर्चचा प्रकाश सोडला, की काचेच्या आत कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसतात का ते पाहावे. ती बुरशी होय, आणि मुंबई-कोकणातील पावसाळा बंद कपाटात काढलेल्या लेन्सवर ती हमखास आढळते. सुटी धूळ चालते, पण बुरशीने काचेवरील लेप खाल्ला असल्यास साफसफाईनेही तो परत येत नाही. त्यानंतर एफ/१६ ठेवून कोऱ्या भिंतीचे चित्र मुद्दाम आउट ऑफ फोकस घ्यावे, म्हणजे सेन्सरवरील डाग काळसर ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. शटर किती वेळा उघडले आहे हा आकडा निकॉनच्या चित्रफाइलमधील नोंदीतच मिळतो, कॅननच्या अनेक बॉडीत तो असा मिळत नाही. डी ३५००चे शटर १,००,००० आणि डी ७२००चे १,५०,००० वेळा चालेल अशी चाचणी निर्मात्याने घेतलेली आहे, तेव्हा त्या संख्येच्या जवळ पोहोचलेल्या बॉडीची किंमत शटर बदलण्याचा खर्च धरूनच ठरवावी.

बॉडीवर वाचलेल्या पैशातून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक त्याच दिवशी घ्यायला लावावा. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे, आणि जेलच्या खड्यांचा रंग उतरताच ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात.