पगारी रजा आणि सायकल



आमचा एक भाचा शिष्यवृत्तीवर फ्रान्स देशात शिकायला गेला आहे. दिजों नावाच्या शहरात राहतो. परवाच्या रविवारी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामाजी, आज साठ किलोमीटर सायकल चालवली." आम्ही घाबरलो. विचारले, "का रे बाबा, बस बंद होती काय?" तो हसायला लागला. "बस चालू होती मामाजी. मी फिरायला गेलो होतो."

आमच्या कानाला हे वाक्य चमत्कारिक वाटले. आमचे वडील गिरणीत बदली कामगार होते. त्यांची सायकल वस्ती ते गिरणी आणि गिरणी ते वस्ती एवढीच चालली. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरवर कधी रेशनचे धान्य, कधी आम्ही. त्या सायकलीवर बसून वडील कुठे 'फिरायला' गेले, असे आम्हाला काही केल्या आठवत नाही. बदलीवाल्याने रोज गेटवर उभे राहायचे. काम मिळाले तर हजेरी, नाही मिळाले तर तोंड घेऊन परत. अशा माणसाला रजा कसली आणि फिरणे कसले?

म्हणून भाच्याला आम्ही खोदून खोदून विचारले. तो गेला होता एका कालव्याच्या काठाने. बर्गंडी प्रांताचा हा कालवा २४२ किलोमीटर लांबीचा असून १८३२ साली पुरा झाला. त्याच्यावर १८९ ठिकाणी पाणी अडवून नाव वर-खाली करण्याचे दरवाजे आहेत. पूर्वी नावा ओढणारे घोडे आणि माणसे ज्या काठावरून चालत, त्याच काठाने आता सायकली जातात. दरवाजा राखणाऱ्याचे छोटे घर दर थोड्या अंतरावर लागते. शहर मागे पडले की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊश नदीचे खोरे. कालव्याचा काठ सोडून आतल्या रस्त्याला वळले की गहू, सातू आणि शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाईंची कुरणे. एप्रिल-मे महिन्यात मोहरीसारख्या एका तेलबियाच्या पिकाने सगळी शेते पिवळी होतात. हा आतला रस्ता अरुंद, पण डांबर साफ. भाचा म्हणाला, तासाभरात दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर भेटला. मोटारवाल्याने सायकलवाल्याला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवावे, असा तिथे कायदाच आहे.

दर चार-पाच किलोमीटरवर गाव. दगडी घरे, एक चर्च, झेंडा लावलेली गावाची कचेरी, आणि बहुतेक प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगड. घरे पन्नास आणि नावे वीस, असेही गाव त्याने पाहिले. दुपारी बारा ते दोन दुकाने बंद. ज्याने पाव आधी घेतला नाही तो उपाशी. पाण्याचे मात्र हाल नाहीत. चौकातल्या किंवा कब्रस्तानाच्या नळावर पाणी पिण्याचे आहे की नाही याची पाटी बघायची, बाटली भरायची आणि पुढे जायचे. "नाव-गाव कुणी विचारत नाही मामाजी." ही गोष्ट त्याने दोनदा सांगितली. दोनदा का सांगितली, हे आमच्या वाचकांना समजावण्याची गरज नाही.

पण एवढी शांतता आली कुठून, हाही प्रश्न आहे. सगळीच शांतता काही सुखाची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीत यंत्रे आली. जिथे दहा माणसे लागत तिथे एक ट्रॅक्टर पुरला. तरुण मंडळी शहरात गेली. कुठे शाळा बंद पडली, कुठे पाववाला गेला. खिडक्या लावलेली घरे भाच्याने पुष्कळ पाहिली. माणसे गेली, पण रस्ते राहिले. सायकलवाल्याला जी मौज वाटते, ती गावात राहिलेल्या म्हातारीला वाटत असेल असे आम्हाला वाटत नाही.

आणि हे रस्ते केले कुणी? याचा इतिहास आम्ही वाचनालयात बसून शोधला. १७३८ पासून फ्रान्सच्या बऱ्याच भागात राजाची वेठ सुरू झाली. शेतकऱ्याने आपला बैल, आपली गाडी आणि आपले अंग घेऊन वर्षातले काही दिवस राजरस्त्यावर फुकट राबायचे. सरदार आणि धर्मगुरू यांना माफी. वेठ म्हणजे काय हे आमच्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावे लागले नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला, आणि राज्यक्रांती तोंडावर आली असताना १७८७ मध्ये ही वेठ जाऊन तिच्या जागी पैशातला कर आला. पुढे १८३६ च्या कायद्याने गावोगावचे रस्ते राखण्याची जबाबदारी गावांवर पडली. तेव्हाही गावकऱ्याने वर्षाला तीन दिवसांपर्यंतचे काम द्यावे किंवा पैसे भरावे, अशी तरतूद होतीच. म्हणून आडगावापर्यंत रस्त्यांचे एवढे जाळे विणले गेले. आज ज्या वाटेने लोक मजेत सायकल हाणतात, तिथे कुणाच्या तरी पणजोबाचा घाम आहे.

त्या पणजोबाच्या वंशजाला रस्त्याचे सुख मिळाले ते १९३६ साली. ही हकीकत मात्र आमच्या प्रत्येक कष्टकरी कुटुंबाने वाचावी अशी आहे. त्या वर्षी मे महिन्यात डाव्या पक्षांची आघाडी निवडणूक जिंकली, आणि नवे सरकार खुर्चीवर बसण्याआधीच मजुरांनी संप सुरू केले. साधे संप नव्हे. मजूर कारखान्यातच ठाण मांडून बसले, तिथेच झोपले, बायका घरून जेवण घेऊन आल्या आणि रात्री वाद्ये वाजवून नाच झाले. संपकऱ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. जूनमध्ये पंतप्रधान लेऑन ब्लूम यांच्या समोर मालक आणि कामगार संघटना यांचा करार झाला, आणि २० जून १९३६ रोजी कायदा आला की प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा. पाठोपाठ चाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा झाला.

आता दोन आठवडे करायचे काय? बहुसंख्य मजुरांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता! लेओ लाग्रांज नावाचे तरुण मंत्री होते. त्यांच्याकडे क्रीडा आणि विरंगुळा हे खाते होते. अशा खात्याची पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी टिंगलही केली. लाग्रांज यांनी रजेवर निघालेल्या कामगारांसाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवली. ज्यांना तेही परवडेना ते सायकलवर निघाले. नवरा-बायको दोघांनी मारायची जोडसायकल, मागे तंबूची वळकटी. त्या उन्हाळ्याचे फोटो आजही छापले जातात. कापड कारखान्यातल्या, मोटार कारखान्यातल्या माणसांनी आपलाच देश पहिल्यांदा पाहिला. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. लाग्रांज १९४० च्या युद्धात मारले गेले, पण ती रजा कुणी काढून घेऊ शकले नाही. उलट वाढत वाढत १९८२ मध्ये ती पाच आठवड्यांची झाली.

सायकलने लांब फिरण्याचे शास्त्र सांगणारा एक गृहस्थ त्या देशात आधीच होऊन गेला होता. पॉल द व्हिव्ही त्याचे नाव, टोपणनाव व्हेलोसियो. १८५३ ते १९३० हा त्याचा काळ, आणि सेंट एतियेन हे कोळसा खाणींचे व सायकल कारखान्यांचे त्याचे गाव. १८८७ मध्ये त्याने सायकलीचे मासिक काढले. चढावर दम लागू नये म्हणून सायकलीला गिअर असावेत, असे तो जन्मभर सांगत राहिला. शर्यतवाल्यांना हा दुबळेपणा वाटला. त्यांच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत साखळी बदलणारे गिअर १९३७ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर सात वर्षांनी, चालू झाले. त्याचे सांगणे असे की भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, अंग मोडेपर्यंत जाऊ नये आणि मोठेपणा मिरवण्यासाठी पायडल मारू नये. प्रवासात दारू, तंबाखू आणि मटण वर्ज्य, असेही तो म्हणे. पहिली दोन आम्ही जन्मभरासाठी मान्य करतो. मटणाचे आमच्या घरी रविवारी काय होईल, ते सांगता येत नाही.

आपल्याकडे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन भरपगारी सुट्टीचा हक्क आला. पुढे १९४८ च्या कायद्यात वर्षाला २४० दिवस भरण्याची अट होती. बदलीवाल्या वडिलांचे २४० दिवस कधी भरलेच नाहीत. बाबासाहेबांनी दार उघडले होते, पण वडील दाराशीच उभे राहिले.

मग आमचे काय? आमची नोकरी पक्की आहे. किरकोळ रजा जयंती, मोर्चे आणि लोकांच्या कोर्टकचेऱ्या यांत संपते, त्याचे दुःख नाही. पण अर्जित रजा खात्यावर दोनशे दिवसांच्या वर पडून आहे. ती आम्ही जपून ठेवली, कारण निवृत्तीच्या वेळी पैसे मिळतात आणि लेकीचे शिक्षण आहे. आमच्या सहचारिणीला भाच्याचा फोन ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "लग्नाला एकोणीस वर्षे झाली. तुमच्या वडिलांना रजा मिळत नव्हती. तुम्हाला मिळते, तर ती विकायला ठेवली आहे." आम्हाला उत्तर सुचले नाही.

वडील २०११ साली गेले. त्यांची सायकल मागच्या अंगणात भिंतीला टेकून होती. परवा ती दुकानात नेली. दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे रबर आणि नवी सीट. लेक आपली सायकल घेऊन तयार आहे आणि सहचारिणीसाठी शेजाऱ्यांची सायकल मागून ठेवली आहे. सकाळी लवकर निघून उन्हाच्या आत पहिले गाव गाठायचे, असा बेत आहे.

सोमवारी आम्ही चार दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज दिला. अर्जात 'रजेचे कारण' असा एक रकाना असतो. तिथे 'घरगुती काम' लिहिण्याची आमची वीस वर्षांची सवय. यावेळी 'सायकलने फिरण्यासाठी' असे लिहिले. हेडक्लार्कने चष्मा काढून आमच्याकडे पाहिले, पुन्हा चष्मा लावून अर्ज वाचला आणि विचारले, "तब्येत बरी आहे ना?" अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.