अर्ध्या दिवसाची घारापुरी

गेटवेहून सकाळी निघालेली लाँच सुमारे तासाभरात घारापुरीस लागते. नवकारशी करून निघालेले कुटुंब लेणी पाहून दुपारी मुंबईस परतते. चौविहारास बाध येत नाही. लेणी सोमवारी बंद असतात, हे सोमवारी पेढी बंद ठेवणाऱ्यांनी आधीच जाणावे.

पायऱ्या सुमारे 120. शत्रुंजयाप्रमाणे येथेही वडीलधाऱ्यांसाठी डोली मिळते. उकळलेल्या पाण्याची बाटली मात्र पिशवीत झाकून न्यावी. माकडे मोठी धीट आहेत.

सहाव्या शतकातील ‘त्रिमूर्ती’ला पुष्कळजण ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात. वस्तुतः ती एकाच सदाशिवाची मुखे: मध्ये शांत, एकीकडे उग्र, दुसरीकडे सौम्य. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या मुलांस तेथे घटकाभर उभे करावे; फोटोची घाई नंतर.

ज्यावरून पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले, तो दगडी हत्ती येथे शोधू नये. 1864 मध्ये त्यास इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. पुढे सांधलेला तो हत्ती भायखळ्यास, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. परतीच्या वाटेवर मुलांस तोही दाखवावा.