फोन बाजारात, पोरगी घरात

शिक्षक-विद्यार्थ्यांची गाठ घालून देणाऱ्या ॲपच्या प्रॉडक्ट मॅनेजरांनी एकदा पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहावं. घरातला एकुलता स्मार्टफोन इथे, भाव विचारत, बापाच्या खिशात. शिकणारी पोरगी ओतूरला. पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा, आणि ‘लाइव्ह’ तासाला फोन तिसरीकडेच! डोंगरातल्या वाड्यांकडे तर रेंजचीच बोंब. खरी मेख पुढेच आहे. मास्तर पसंत पडले की पुढच्या महिन्याची फी थेट त्यांच्या हातात, ॲपचं कमिशन बुडालं. बाजारात गाळा, हमाल, हिशेबपट्टी मिळते, म्हणून शेतकरी परत येतो. नुसत्या ओळखीवर दलाली कोण देईल? ऑनलाइन शिकवणीतल्या बड्यांचंही बघा: मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनिअर २०२० मध्ये बायजूज या शिकवणी-ॲपच्या कंपनीने घेतली. २०२४ मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या कज्ज्यात. इकडे ‘कांद्याची पट्टी आली की फी देतो’ हे मंचरच्या क्लासवाल्याला सांगता येतं, ॲपला नाही.