‘सिद्ध झाले आहे’ म्हणणाऱ्यांस चार प्रश्न

सांप्रत ‘शास्त्रीय संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. दंतमंजनाच्या जाहिरातीत ते आहे, वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक सदरात ते आहे, आणि अलीकडे देवळाच्या सभामंडपातील व्याख्यानांतही ते मोठ्या आवाजात ऐकू येऊ लागले आहे. घंटानादाने रोगजंतू मरतात, अमुक काढ्याने मधुमेह समूळ जातो, तमुक स्तोत्राच्या पठणाने रक्तदाब उतरतो, असे सांगून वक्ते शेवटी म्हणतात, “हे आम्ही म्हणत नाही, परदेशांतील विद्यापीठे म्हणतात!” कोणते विद्यापीठ, कोणते साल, किती माणसे, हे विचारण्याची सोय नसते, विचारणारा तत्काळ नास्तिक ठरतो. परंतु त्या व्याख्यानावर विसंबून एखाद्या मधुमेही गृहस्थाने इन्शुलिन बंद केले, तर त्याचे काय होते हे पाहावयास वक्ते पुन्हा येत नाहीत. म्हणून ह्या वाक्याच्या बेजबाबदार वापराविरुद्ध स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

आपल्या न्यायशास्त्रात परार्थानुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. ती उच्चारल्याबरोबर अग्नी सिद्ध होत नाही. धूर दाखवावा लागतो, आणि दिसते आहे तो धूरच आहे, धुके नव्हे, अशी खात्री पटवावी लागते. आजच्या संशोधनाचा क्रमही याहून निराळा नाही. एखादा शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हा बहुधा प्रतिज्ञा व हेतू यांची मांडणी झालेली असते. निगमन पुष्कळ दूर असते. आमचे व्याख्याते मात्र प्रतिज्ञेलाच निगमन म्हणून श्रोत्यांच्या पदरात टाकतात. यात कोणता धोका आहे, हे पदार्थविज्ञान, संगणकशास्त्र व वैद्यक या तीन क्षेत्रांतील उदाहरणांनी दाखवितो.

पदार्थविज्ञानापासून आरंभ करू. २०११ च्या सप्टेंबरात ‘ऑपेरा’ नामक प्रयोगावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी एक विलक्षण मोजमाप जाहीर केले. जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटर अंतर जमिनीखालून कापून इटलीतील ग्रान सास्सो येथे पोहोचत, ते प्रकाशाला लागेल त्याहून सुमारे ६० नॅनोसेकंद आधी. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील ६० भागांचे हे अंतर! जगभर गाजावाजा झाला. आइन्स्टाइन चुकला असे लोक बोलू लागले. स्वतः शास्त्रज्ञांनी मात्र आपले आकडे जगापुढे ठेवून, ‘यात चूक असल्यास दाखवा’ असेच आवाहन केले होते. २०१२ च्या फेब्रुवारीत कारण सापडू लागले: कालमापनाच्या यंत्रणेतील प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. त्याच ग्रान सास्सो येथील ‘इकारस’ या दुसऱ्या प्रयोगाने स्वतंत्रपणे मोजले, तेव्हा कणांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला. हजारो घटना मोजून, वर्षानुवर्षे खपून तज्ज्ञांनी काढलेला आकडा एका सैल जोडणीने फिरविला. मग एका पत्रकाच्या आधारावर ‘सिद्ध झाले’ म्हणणाऱ्यांची योग्यता ती काय?

संगणकशास्त्रातील उदाहरण आपल्या देशातील आणि अभिमानास्पद आहे. एखादी संख्या मूळसंख्या आहे की नाही हे ओळखण्याची जलद रीत पूर्वीही होती. परंतु ती एक तर संभाव्यतेवर अवलंबून असे, किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतकावर. नेहमी अचूक उत्तर देणारी आणि संख्येतील अंकांच्या मानाने आटोपशीर काळात काम संपविणारी रीत २००२ च्या ऑगस्टमध्ये आय. आय. टी. कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी मांडली. निबंध लहानसा होता. त्यांनी तो जगातील तज्ज्ञांस खुला केला. थोड्याच दिवसांत ओळन् ओळ तपासून तज्ज्ञांनी मान्यता दिली, काहींनी तर सिद्धता अधिक सोपी करून दाखविली. रीतसर परीक्षण होऊन २००४ साली तो ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात छापला गेला. येथे ‘सिद्ध’ हा शब्द पूर्ण अर्थाने शोभतो, कारण सिद्धतेची प्रत्येक पायरी कोणाही जाणकारास स्वतः चढून पाहता येते.

पण त्याच संगणकाला माणसांच्या रोगांचे निदान करावयास बसविले की पायऱ्या दिसेनाशा होतात. २०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. छातीची क्ष-किरण चित्रे पाहून न्यूमोनिया ओळखावयास शिकविलेली संगणकप्रणाली तीन ठिकाणच्या रुग्णालयांतील चित्रांवर पारखण्यात आली. जेथील चित्रांवर ती शिकली होती तेथे तिचे काम चांगले चाले; अनेकदा परक्या ठिकाणच्या चित्रांवर ते घसरे. अधिक शोध घेता दिसून आले की, चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे ती जवळजवळ बिनचूक ओळखू शकत होती! एखाद्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रोगी अधिक असतील, तर त्या रुग्णालयाची खूण ओळखली तरी उत्तर पुष्कळदा बरोबर येणारच. धुके पाहून अग्नी सांगावा आणि योगायोगाने तेथे शेकोटी असावी, तसा हा प्रकार. चित्रे दुसऱ्या गावी नेऊन पाहिली नसती, तर ही गोष्ट उमगली नसती.

वैद्यकात अशा चुकीची किंमत प्राणांनी द्यावी लागते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांत हृदयाचे अवेळी पडणारे ठोके आढळतात, आणि असे ठोके असणाऱ्यांत अकस्मात मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके दाबून टाकीत. तेव्हा ठोके दाबले की मृत्यू टळेल, हे अनुमान कोणासही पटेल असेच होते, आणि औषधे दिलीही जात होती. अखेर अमेरिकेत रीतसर चाचणी झाली. ज्यांचे ठोके ह्या औषधांनी खरोखर कमी झाले होते अशाच रोग्यांपैकी काहींस औषध व काहींस निरुपद्रवी गोळी देण्यात आली; कोणास काय मिळते आहे हे रोग्यास ठाऊक नव्हते, डॉक्टरांसही नव्हते. १९८९ साली ही दोन्ही औषधे मध्येच थांबवावी लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, आणि नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. हृदयाचा आलेख सुधारला होता आणि माणसे मरत होती. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नसता, तर प्रत्येक मृत्यू मूळ रोगाच्या खात्यावर मांडला गेला असता.

यावर पूर्वपक्ष निघेल तो असा: शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे, मग त्यांचे काहीच का मानावे? त्यापेक्षा आमच्या वाडवडिलांचा अनुभव बरा! हा युक्तिवाद चलाखीचा आहे, खरा नाही. ऑपेराची चूक कोणी पकडली? क्ष-किरण चित्रांतील भ्रम कोणी उघड केला? घातक औषधे कोणी थांबविली? संशोधकांनीच, आणि संशोधनाच्याच पद्धतीने. जी विद्या आपल्या चुका तारीखवार छापून ठेवते, तिच्यावर चुकांसाठी अविश्वास दाखवावा आणि जो वक्ता आपली चूक कधीच कबूल करीत नाही त्याच्यावर मात्र विश्वास ठेवावा, हा कोठला न्याय? स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे याला गौतमाच्या न्यायसूत्रांत वितंडा म्हटले आहे. आजच्या ह्या वितंडवाद्यांची आणखी एक खुबी अशी की, संशोधन सोयीचे निघाले की त्याचा टिळा लावावयाचा, आणि गैरसोयीचे निघाले की त्याला पाश्चात्त्यांचे कारस्थान म्हणावयाचे.

देवळाशी निगडित असलेल्या मंडळींस येथे आम्ही विशेष विनंती करतो. प्रयोगशाळा हे एक न्यायालय आहे. तेथे दाद मागावयास गेले, तर निकाल विरुद्ध गेला तरी तो शिरसावंद्य मानावा लागतो. अमेरिकेत सहा रुग्णालयांतील १,८०२ हृदयशस्त्रक्रियेच्या रोग्यांवर असा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींसाठी ख्रिस्ती प्रार्थनामंडळांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांस ठाऊक नव्हते, त्यांत प्रार्थना झालेल्यांपैकी शेकडा ५२ जणांस व न झालेल्यांपैकी शेकडा ५१ जणांस शस्त्रक्रियेनंतर काही ना काही उपद्रव झाला. प्रार्थना निश्चित होणार असे ज्यांस सांगितले होते, त्यांत हे प्रमाण शेकडा ५९ निघाले. म्हणून कोणी देवापुढे हात जोडणे सोडले काय? सोडण्याचे कारणही नव्हते. सायंकाळच्या आरतीस उभा राहणारा माणूस रक्तदाब उतरावा म्हणून उभा राहत नाही. मग आरतीला रक्तदाबाचे प्रमाणपत्र चिकटविण्याचा उद्योग कशासाठी? त्याने भक्तीची प्रतिष्ठा तर वाढत नाहीच, उलट उद्या निकाल विरुद्ध गेला की तिची नाहक अवहेलना होते.

‘वाडवडिलांचा अनुभव’ म्हणणाऱ्यांनी वाडवडिलांची रीतही पाहावी. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला; त्याचा पहिला खंड १६७८ साली ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्या कामी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत, कोंकणी भाषेत लिहून दिलेले प्रमाणपत्र त्या खंडात छापलेले आहे. आपण कोण, कोणाच्या सांगण्यावरून, किती काळ व कसे काम केले, हे त्यांनी स्वतःच्या नावानिशी नमूद केले. शोधनिबंधाची पहिली अट तीच नव्हे काय? ‘परदेशांतील विद्यापीठे म्हणतात’ अशी निनावी साक्ष त्या वैद्यांनी दिली नाही.

तात्पर्य, यापुढे कोणी ‘सिद्ध झाले आहे’ म्हणाला, तर त्यास शांतपणे चार प्रश्न विचारावेत. हे कोणी, केव्हा व कोठे प्रसिद्ध केले? किती माणसांवर वा किती वेळा पाहिले? तुलना कशाशी केली? आणि ज्यांचा त्यात स्वार्थ नाही अशा दुसऱ्या कोणी ते पडताळले काय? उत्सवातील व्याख्यानमाला ठरविताना देवस्थानांच्या व्यवस्थापकांनी हे प्रश्न वक्त्यांस आगाऊ कळवावेत. ज्यांपाशी उत्तरे असतील त्यांचे व्याख्यान अवश्य ठेवावे. ज्यांपाशी नसतील त्यांना नारळ देऊन निरोप द्यावा; मंडपात बसलेल्या रोगी माणसाचा जीव त्यांच्या मानधनाहून मोलाचा आहे.