अंगणवाडीत जागा निघाली आहे

लातूर म्हटले की लोकांना दहावी-बारावीचा निकाल आठवतो. शिकवण्या, वसतिगृहे, डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. किल्लारी भागातल्या आपल्या घरांतही मुलगी बारावी झाली की नर्सिंग, पोलीस भरती, नाहीतर शिक्षिका, एवढाच विचार होतो. अंगणवाडीचे नाव काढले तर उत्तर येते, "खिचडी वाटायला शिक्षण कशाला?"

आम्हाला या प्रश्नाचा राग येतो. तीन वर्षांच्या लेकराला गोष्ट सांगून बोलते करणे, चिंचोके मोजायला लावणे, मणी ओवता ओवता बोटांत बळ आणणे, हे शिक्षणच आहे. पालक म्हणतात, पाटीवर अ-आ-इ काढून घ्या. बोटांना पेन्सिल पेलण्याआधी ती हातात कोंबली तर लेकरू शाळेलाच भिते, हे त्यांना समजावणारी बाई शिकलेलीच हवी.

अंगणवाडीचा उगम तरी कुठला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला (तेव्हाचा ठाणे जिल्हा) ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. गोरगरिबांची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर चढला.

किल्लारीकडे या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने गावे जमीनदोस्त केली. नवी गावे वसली ती घरांच्या मापाने: भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, त्यावरच्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. मापाप्रमाणे रांगा पडल्या, आणि भूमिहीनांत आपले लोक किती, हे काय सांगायला हवे! जुने गाव दाटीवाटीचे होते, नवे ऐसपैस पसरले. मोठ्या माणसाला ही मोकळीक बरी वाटते. पण आई सोयाबीन काढायला रोजाने गेलेली असताना तीन वर्षांचे लेकरू गावाच्या दुसऱ्या टोकाच्या अंगणवाडीत कोणाचे बोट धरून जाणार? आणि गेलेच, तर तिथे त्याला जवळ कोण घेणार? म्हणून त्या खुर्चीवर आपली मुलगी बसावी असे आम्हाला वाटते.

मात्र डोळे उघडे ठेवून बसावी. 2023 पासून सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय 18 ते 35, विधवांना 40 पर्यंत. निवड गुणांवर होते. अनुसूचित जाती-जमाती, विधवा, अनाथ यांना जादा गुण आहेत, तेव्हा दाखले आधीच काढून ठेवावेत. सर्वांत अवघड अट स्थानिक रहिवासाची. कुमारिकेने जागा मिळवली आणि लग्न होऊन ती परगावी गेली, की जागा सुटली. त्यामुळे आमचे सांगणे मुलींपेक्षा सासूबाईंना जास्त आहे. सून बारावी झालेली असेल तर तिच्या नावाचा रहिवासी दाखला काढा आणि तिला अर्ज भरू द्या. सकाळची चूल तेवढी तुम्ही सांभाळा.

पैशाचे म्हणाल तर ऑक्टोबर 2024 च्या वाढीनंतर सेविकेला प्रोत्साहन भत्ता धरून महिन्याला 15 हजारांपर्यंत मिळू शकतात. पण याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. या शब्दामागे कित्येक वर्षांचे मोर्चे आहेत. सेविका सरकारी नोकर नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली म्हटले. त्याच न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. लेकरे सांभाळायची, शिकवायचे, वजने घ्यायची, आहार वाटायचा, वर मोबाईलमध्ये माहिती भरायची, आणि नाव मात्र मानसेवी! रुजू होणाऱ्या मुलीने पहिल्या महिन्यातच संघटनेची वर्गणी भरावी.

शिक्षणही थांबवू नये. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सांगितला आहे. प्रशिक्षणाची यादी लागली की नाव आहे का ते पाहावे, नसेल तर विचारावे. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली तर मुख्यसेविकेच्या जागेचा विचार करता येतो.

ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही तिथे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या 13 डिसेंबर 2006 च्या आदेशानुसार सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या वस्तीला अंगणवाडी मागता येते, आणि मागणीपासून तीन महिन्यांत ती द्यायची असते. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य आहे. महिला मंडळाने एका दुपारी घरोघर जाऊन मुलांची नावे आणि जन्मतारखा लिहून घ्याव्यात, अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये.