चौविहार आणि रात्रीची गोळी



यांना पार्किन्सन्स होऊन ६ वर्षं झाली. हात थरथरतो तो सगळ्यांना दिसतो, रात्रीचे पाय फक्त मला दिसतात. पहाटे ४ ला पोटऱ्यांत गोळे, पायाची बोटं आत वळून घट्ट, झोप गेलेली. मी तेल चोळायची आणि म्हणायची, वयाचं दुखणं.

सावंगीच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, शेवटची गोळी किती वाजता? सूर्यास्ताआधी, साडेपाचला. चौविहार आहे ना! पुढची सकाळी ७ ला. लेव्होडोपाचा असर काही तासांतच उतरतो, मग स्नायू आखडतात. मी बी.कॉम., पण साडेतेरा तासांचा हा हिशोब मला कधी सुचला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अशा आजारात चौविहाराऐवजी दुविहाराचं पच्चक्खाण घ्यावं, त्यात पाणी आणि औषध चालतं. महाराजसाहेबांना जरूर विचारा. आमच्याकडे कुणी म्हणालं, पवनारला विनोबांनी १९८२ मध्ये अन्न-औषध सोडलंच होतं की! अहो, तो देह ठेवण्याचा निर्णय होता. यांना तर अजून नातीचं लग्न बघायचंय.

गोळीची वेळ मात्र डॉक्टरांनीच ठरवावी, आपल्या मनाने नाही. सगळीच पायदुखी गोळीमुळे नसते. आणि वरण-दुधासोबत ती देऊ नका, प्रथिनांमुळे नीट लागत नाही.

आता रात्री १० ला गोळी आणि उकळलेलं पाणी. परवा हे सलग ५ तास झोपले. मीच दोनदा उठून पाहिलं.