पोरगं जर्मनीत शिकतंय की फिरतंय? शनिवार-रविवारच्या स्टेटसमागचा हिशेब

शनिवारी संध्याकाळी गावच्या ग्रुपवर फोटो पडतो. मागं डोंगरावर किल्ला, खाली नदी, पुढं जाकीट घातलेलं आपल्याच गल्लीतलं पोरगं. ठिकाण ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग. मागच्या आठवड्यात प्राग होतं. रविवारी सकाळी पारावर विषय निघतो, "बाप बँकेचं व्याज भरतोय आणि हे बघा, देश हिंडतंय." बापाच्या तोंडावर कुणी बोलत नाही, पण त्याच्या कानावर जायचं ते जातंच.

असं पोरगं आता बऱ्याच गावांत आहे. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडलेला बरा.

आधी फिरण्याचं बघू. जर्मनी म्हणजे फार अवाढव्य देश नाही, आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडाच मोठा. त्याला नऊ देशांच्या सीमा लागतात. चंदगडच्या माणसाला जसं बेळगाव जवळ आणि गोवाही जवळ, तसं आखन शहरात राहणाऱ्या पोराला बेल्जियम आणि नेदरलँड्स हाकेच्या अंतरावर. शेंगेन नावाच्या करारात २९ देश आहेत. जर्मनीच्या विद्यार्थी परवान्यावर त्या देशांत वेगळा व्हिसा न काढता, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत.

तिकडं 'डॉइचलँड तिकीट' नावाचा महिन्याचा पास आहे. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना तो त्याच्या ६० टक्के किमतीत, म्हणजे साधारण ३८ युरोत मिळतो आणि सत्राच्या फीबरोबरच भरून घेतात. त्यावर शहरातली बस, ट्राम आणि देशभरातल्या प्रादेशिक रेल्वे चालतात. फक्त वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. गंमत म्हणजे म्युनिकहून साल्झबर्गपर्यंतची प्रादेशिक गाडीही याच पासवर जाते. दोन तासांच्या आत परदेश! म्हणजे पारावर ज्या फोटोवर एवढी चर्चा झाली, त्याचा जादा खर्च डब्यातल्या चपात्या आणि एक कॉफी.

प्रागचं मात्र तसं नाही. तिथं बसचं वेगळं तिकीट, हॉस्टेलची रात्र, वरचं खाणं धरायला लागतं. पॅरिस तर आणखी महाग. महिन्यातून एकदा ठीक, दर शनिवारी म्हटलं तर खिसा फाटतो.

आता खिशात असतं किती ते बघा. "जर्मनीत शिक्षण फुकट" असं एजंट सांगतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, हे खरंच आहे. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी लावली, आणि खासगी कॉलेजं तर पूर्ण फी घेतात. शिवाय व्हिसासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात. युरो शंभरीच्या पुढं गेलाय, म्हणजे बारा लाखांच्या वर. हे पैसे फी नव्हेत, पोराचेच आहेत. तिकडं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यातून खोलीभाडं, आरोग्य विमा, किराणा. मोठ्या शहरात भाड्यातच निम्मे जातात. पुढच्या वर्षी परवाना वाढवताना पैशाची सोय परत दाखवावी लागते, आणि घरच्यांना नेमकं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

हे बारा लाख येतात कुठून? इथं आपल्या शेतकऱ्याची खरी अडचण आहे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमिनीचा सातबारा तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. कारण कर्ज थकलं तर बँकांना जप्तीचा जो सरफेसी कायदा वापरता येतो, तो शेतजमिनीला लागू नाही. दहा एकर बागायत असलेला माणूस बँकेत रिकाम्या हातानं उभा राहतो आणि गावठाणातलं घर किंवा पाहुण्यांचा बिगरशेती प्लॉट शोधत फिरतो. नाहीतर खासगी फायनान्स, चढ्या व्याजानं. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं.

पोरगं काम करून भर घालतं. शिकत असताना आठवड्याला २० तास किंवा वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे. किमान मजुरी जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. हे काम हॉटेलात, गोदामात, बऱ्याचदा शनिवार-रविवारीच मिळतं. म्हणजे प्रागची एक सहल म्हणजे तिचा खर्च अधिक दोन दिवसांची बुडालेली मजुरी. रविवारी तिकडं दुकानं बंद असतात, त्यामुळं पोरं रविवारी फिरतात, हे मला तरी समजण्यासारखं वाटतं. आठवडाभर लेक्चर, लॅब, संध्याकाळी भांडी घासणं आणि रात्री एकट्यानं खोलीत. डिसेंबरात तर चार-साडेचारलाच अंधार पडतो. अशा वेळी चार मित्रांबरोबर गाडीत बसणं ही चैन नव्हे.

माझी काळजी वेगळी आहे. तिकडं बऱ्याच विषयांत सगळे गुण सत्राच्या शेवटच्या एका परीक्षेवर असतात. एकाच विषयात साधारण तीनदा नापास झालं तर प्रवेश जातो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडंही घेता येत नाही. हिवाळी सत्राच्या परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास येतात. म्हणून नोव्हेंबरातलं प्राग आणि जानेवारीच्या शेवटचं प्राग एकाच मापानं मोजू नका.

दुसरं भाषेचं. शिक्षण इंग्रजीत असलं तरी नोकरी देणारा बहुतेक वेळा जर्मन मागतो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्यात भाषा शून्यापासून शिकायला बसणं अवघड. दर सहलीला आपलीच चार मराठी पोरं असतील, तर दोन वर्षं युरोपात राहूनही भाषा येत नाही.

आणि फिरताना पासपोर्ट व परवान्याचं कार्ड दोन्ही खिशात हवं. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. बसमध्ये पोलीस चढतात, तेव्हा मोबाईलमधला फोटो चालत नाही.

पुढच्या वेळी स्टेटस दिसला की बापाला टोमणा मारण्याऐवजी पोराला फोन करून विचारा: पासवर गेलास की तिकीट काढून? पेपर कधी आहे? आणि जर्मन कुठवर आली?